तीन मजल्यांवर थांबलेलं काम

एक गवंडी होता. आयुष्यभर त्यानं लोकांची घरं बांधली, दोन शाळा बांधल्या, एका देवळाचा सभामंडप बांधला. वय झालं तशी त्यानं थापी खाली ठेवली, पण ओळंबा काही ठेवला नाही. पितळेचा, मुठीत मावेल एवढा, वर सुती दोरा गुंडाळलेला. घरात नवं कपाट आलं तरी म्हातारा दोरा सोडून बघायचा आणि मान हलवायचा.

त्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा शहरात नोकरी करणाऱ्या मुलानं आईवडिलांना इटलीच्या सहलीला पाठवायचं ठरवलं. म्हातारी म्हणाली, "एवढ्या लांब कशाला? पंढरपूर काय वाईट आहे?" पण पैसे भरून झाले होते. भरलेले पैसे परत मिळत नाहीत हे कळल्यावर तिनं मुकाट्यानं बॅगा भरायला घेतल्या. व्हिसाचे कागद, फोन, इंग्रजी हे दोघांना झेपणारं नव्हतं, म्हणून सोबत नात निघाली. नात घरी रिकामीच होती.

ती सीए करत होती. फायनल दोनदा दिली, दोनदा राहिली. तिसऱ्यांदा फॉर्म भरायची तारीख आली आणि गेली, तिनं भरला नाही. पुण्यातली खोली सोडून ती घरी आली. घरात तिला कुणी काही बोललं नाही. शेजारीपाजारी मात्र विचारत, म्हणून ती अंगणातही फारशी येत नसे.

निघताना तिनं आजोबांच्या खिशातून ओळंबा काढून मोठ्या बॅगेत टाकला. "विमानात खिशात नाही चालणार, आबा." गवंडी रोमच्या हॉटेलात पोचेपर्यंत अस्वस्थ होता. बॅग उघडून ओळंबा हाताला लागल्यावर मग त्यानं चहा विचारला.

सहलीच्या बसमध्ये चाळीसेक माणसं होती, सगळी आपल्याकडचीच. सकाळी सहाला उठवायचे, सातला नाश्ता, आठला बस. पहिल्याच दिवशी ओळखी झाल्या. मागच्या सीटवर बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. माणूस वाईट नव्हता. खाकऱ्याचा डबा सगळ्यांपुढे करायचे, कुणाचं पोट बिघडलं तर गोळी काढून द्यायचे. पण त्यांना माणसाचं खातं उघडल्याशिवाय चैन पडत नसे. खाकरा पुढे करत त्यांनी नातीला विचारलं, "आणि तू सध्या काय करतेस?"

"काही नाही," नात म्हणाली.

"काही नाही म्हणजे? शिकतेस, नोकरी करतेस?"

"काही नाही, काका."

काकांनी डबा पुढच्या सीटवर दिला. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या पत्नीनंही तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नात खिडकीची जागा धरून कानात हेडसेट घालून बसू लागली.

रोम भरभर संपलं. कलोसियम बाहेरून, व्हॅटिकन आतून, ट्रेव्हीच्या कारंज्यात एकेक नाणं. गवंडी अडकला तो फक्त पँथिऑनमध्ये. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा घुमट, त्रेचाळीस मीटर रुंद, काँक्रीटचा आणि आत लोखंडाची एक सळई नाही. घुमटाला मधोमध भलं मोठं मोकळं भोक. सगळे माना वर करून बघत होते. गवंडी मात्र खाली बघत फिरत होता. शेवटी तो उकिडवा बसला आणि फरशीतल्या बारीक भोकांवरून त्यानं बोट फिरवलं. वरून पाऊस येणार, तर खाली पाणी जायची वाट हवीच. ती सापडल्यावर तो उठला. तोवर टूर मॅनेजर झेंडा हलवून हलवून दमला होता.

तिथून बस सिएनाला गेली. सिएना टेकडीवरचं गाव. मोठ्या बसला आत मज्जाव, म्हणून सगळे पायी चढले. तिथली गाईड इंग्रजी बोलायची, तिचं बोलणं हेडसेटमधून ऐकू यायचं. आजोबा-आजींना ते कळेना, तेव्हा नात मराठीत सांगू लागली. एक-दोन म्हातारी माणसं आपला हेडसेट काढून तिच्याजवळ सरकली.

कॅथेड्रलच्या बाजूला एक प्रचंड भिंत उभी होती. तिला कमानी होत्या, खिडकीच्या जागा होत्या, पण मागे इमारत नव्हती. खिडकीतून सरळ आभाळ दिसत होतं.

नात सांगू लागली, "1339 साली इथल्या लोकांना वाटलं, आपलं कॅथेड्रल लहान आहे. मग त्यांनी ठरवलं, आहे ते सगळं नव्या कॅथेड्रलचा नुसता आडवा भाग करायचा आणि त्याला लांबलचक उभा भाग नवा जोडायचा. काम सुरू झालं. 1348 साली प्लेग आला. माणसं गेली, पैसा गेला. बांधलेल्या भागात दोष निघाले, काही उतरवावं लागलं. ते काम पुन्हा कधी झालंच नाही."

"म्हणजे प्रोजेक्ट बुडाला," काका म्हणाले.

गवंडी भिंतीच्या तळाशी गेला. दगडावर तळहात ठेवून त्यानं वर पाहिलं. भिंतीच्या माथ्यावर माणसं ओळीनं उभी होती आणि गाव बघत होती.

"ती माणसं कशी चढली वर?"

"आत जिना आहे, आबा. आणि बाजूचा जो भाग बांधून झाला होता, तो भिंतीनं बंद करून त्यात संग्रहालय केलंय."

"पाडली नाही होय," गवंडी म्हणाला. "बरं केलं." मग म्हातारीचे पाय दुखू लागले, आणि ते तिघं उतारावरच्या त्या शिंपल्यासारख्या चौकात फरशीवर बसून राहिले. वर्षातून दोनदा, जुलै आणि ऑगस्टमध्ये, तिथं घोड्यांची शर्यत लागते, असं नातीनं सांगितलं. चौकाचा उतार बघून म्हातारीला घोड्यांची काळजी वाटली.

फ्लॉरेन्सला दुसरी गाईड होती, बोलायला फार भरभर. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट एवढा मोठा, की चौकात उभं राहून तो पुरता दिसतच नव्हता. कॅथेड्रल 1296 साली सुरू झालं. भिंती चढल्या, आणि मधे पंचेचाळीस मीटर रुंदीची मोकळी जागा राहिली. तिच्यावर घुमट उभा करायचा हे ठरलेलं होतं. कसा करायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे ऐकून गवंडी पहिल्यांदा मोठ्यानं हसला. "माहीत नसताना भिंती चढवल्या? धाडस आहे!"

"1418 साली त्यांनी स्पर्धा लावली. ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाला काम मिळालं. तो मुळात सोनार होता. 1420 ला सुरुवात केली, 1436 ला घुमट झाला. आणि आबा, खालून सेंटरिंग केलंच नाही."

गवंडी हसायचा थांबला. "सेंटरिंगशिवाय घुमट?"

नातीनं गाईडला विचारून घेतलं आणि सांगितलं. एकात एक असे दोन घुमट आहेत. आडव्या विटांच्या ओळीत ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी घातली आहे. चुना ओला असताना आडव्या विटा घसरू पाहतात, त्यांना ती उभी वीट धरून ठेवते. गवंड्यानं दोन्ही हातांनी हवेत विटा रचून पाहिल्या. एक उभी, मग काही आडव्या, मग पुन्हा एक उभी. रस्त्यातून जाणारी दोन मुलं त्याच्याकडे बघत राहिली. त्याला ते जमलं असावं, कारण त्यानं हात झटकले आणि म्हातारीला म्हणाला, "पक्कं आहे."

नात सांगत होती ते सगळे ऐकत होते. पण मधेच गाईड बराच वेळ बोलली आणि नात गप्प राहिली.

"आता काय म्हणाली ती?" गवंड्यानं विचारलं.

"काही नाही," नात म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी पिसा. बसमधून उतरल्यापासून लोकांची फोटोची घाई. मनोऱ्यासमोर जगभरची माणसं हात पुढे करून, एक पाय वाकवून उभी होती. काकांनीही हात पुढे केला, काकूंनी फोटो काढला. हात जरा वर, जरा खाली असं करता करता दहा मिनिटं गेली.

गवंडी गर्दीतून बाजूला झाला. मनोरा उजवीकडे कलताना दिसेल अशा जागी तो उभा राहिला. खिशातून ओळंबा काढला, दोरा सोडला, हात लांब केला. वारा नव्हता. पितळ दोन-चार झोके घेऊन स्थिर झालं. एक डोळा मिटून गवंड्यानं दोरा मनोऱ्याच्या कडेला लावला आणि खालपासून वरपर्यंत नजर नेली. मग पुन्हा खालपासून नेली.

"पोरी, इकडे ये. हा नुसता कललेला नाही, वाकलेला आहे."

नातीला दिसेना.

"दोरा बघ. खालचे मजले दोऱ्यापासून किती सुटत गेलेत बघ. आता वर बघ. वर तेवढे सुटत नाहीत. वरच्या गवंड्यांनी काम सरळ आणायला बघितलंय. आणि खालचे नि वरचे गवंडी एक नव्हेत."

नातीनं दोरा आपल्या हातात घेतला, डोळा मिटला, आणि मग तिलाही बाक दिसला. ती धावत गाईडकडे गेली. गाईड वयस्क होती, तिनं हेडसेट बंद केला आणि निवांत सांगितलं. नात परत आली तेव्हा तिच्या मागोमाग काका-काकू, डॉक्टरीणबाई आणि आणखी चार-सहा जण आले, कारण ओळंबा धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं त्यांना कुतूहल वाटलं होतं.

"1173 साली काम सुरू झालं," नात म्हणाली. "पाया जेमतेम तीन मीटर, आणि खाली मऊ माती. तीन मजले झाले, चौथा सुरू होता होता मनोरा खचायला लागला. 1178 च्या सुमारास काम थांबलं. पिसाच्या मागे लढाया लागल्या होत्या, कधी जेनोआशी, कधी लुक्काशी, कधी फ्लॉरेन्सशी. जवळपास शंभर वर्षं तीन मजले तसेच उभे होते. 1272 ला पुन्हा सुरुवात केली. तेव्हाच्या लोकांनी वरच्या मजल्यांची कललेली बाजू थोडी उंच बांधली, म्हणजे मनोरा सरळ यावा. 1284 ला जेनोआनं पिसाचा समुद्रात पराभव केला, पुन्हा काम बंद. घंटांचा मजला झाला तो 1372 च्या सुमाराला."

"दोनशे वर्षं!" काका म्हणाले. "आपल्याकडे असा कंत्राटदार असता तर ब्लॅकलिस्ट केला असता."

"पण काका, इंजिनियर म्हणतात की काम थांबलं नसतं तर मनोरा पडला असता. मधल्या शंभर वर्षांत त्या तीन मजल्यांच्या वजनानं खालची माती दाबली गेली, घट्ट झाली. म्हणून ती पुढचे मजले पेलू शकली."

कुणी काही बोललं नाही. गवंडी दोरा गुंडाळत होता.

"आमच्यात भराव घातला की एक पावसाळा जाऊ देतात," तो म्हणाला. "जोत्यात मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमस करायची, आणि मग एक पाऊस. एका कामावर मालकाला दिवाळीत घरभरणी करायची होती. थांबायला तयार नव्हता. दिवाळीला घरभरणी झाली, आणि पुढच्या पावसात भिंतीत बोट जाईल एवढी भेग."

"पण हे लोक माती बसावी म्हणून थांबले नव्हते ना, आबा," नात म्हणाली. "लढाई होती म्हणून थांबले. त्यांना वाटलं असणार, काम गेलं."

"मातीला काय कळतंय, लढाईमुळं थांबला का पैशामुळं? तिला अवधी मिळाला."

गाईडनं मग शेवटचं सांगितलं. 1990 साली मनोरा पडेल या भीतीनं लोकांना आत जाणं बंद केलं. अकरा वर्षं तो बंद होता. एका बाजूला शिशाची शेकडो टन वजनं ठेवली. कल दक्षिणेकडे, म्हणून उत्तरेकडच्या बाजूखालची माती तिरप्या नळ्यांनी थोडी थोडी काढून घेतली. मनोरा हळूहळू सुमारे अर्धा अंश मागे आला आणि 2001 च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. गवंड्याला ही युक्ती इतकी आवडली की त्यानं ती दोनदा सांगायला लावली. पडणाऱ्याला ढकलून उभं केलं नव्हतं, दुसऱ्या बाजूची थोडी माती काढली होती.

"मग सगळाच सरळ का नाही केला?" म्हातारीनं विचारलं. नातीनं प्रश्न गाईडला सांगितला, तशी गाईड हसली आणि फोटो काढणाऱ्या गर्दीकडे तिनं बोट दाखवलं.

पिसाहून बस व्हेनिसच्या वाटेला लागली. नात आजोबांच्या शेजारी बसली होती.

"आबा, काल एक सांगायचं राहिलं. तो घुमटवाला ब्रुनेलेस्की. घुमटाच्या आधी तिथं आणखी एक स्पर्धा झाली होती, 1401 साली, ब्राँझच्या दरवाजांची. त्यात तो हरला. घिबर्टी नावाचा दुसरा सोनार जिंकला. हा मग रोमला गेला म्हणतात, आणि तिथल्या पडक्या इमारती मोजत बसला. दोघांनी स्पर्धेसाठी केलेले नमुने अजून फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहेत, हरलेलाही."

"कुठल्या इमारती मोजल्या त्यानं?"

"पँथिऑन असेलच की."

"मग फरशीतली भोकं बघितली असतील," गवंडी म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

बोलोन्याच्या अलीकडे वाहनांची लांबच लांब रांग लागली. बस मुंगीच्या पावलानं सरकत राहिली. रस्ता मोकळा झाला आणि लोकांनी सुस्कारा सोडला, तोच ड्रायव्हरनं बस महामार्गावरच्या एका थांब्यात घेतली. साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यायचीच, असा युरोपात कायदा आहे. बसमधलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. टूर मॅनेजरनं समजावलं, तरी कुरकुर झालीच. रस्ता मोकळा, हॉटेल समोर असल्यासारखं, आणि हा माणूस खाली उतरून झाडाखाली सँडविच खातोय.

सगळे खाली उतरले. काकांनी खाकऱ्याचा डबा आणला. फिरत फिरत ते नातीपाशी आले. सकाळपासून त्यांना या मुलीचं कौतुक वाटू लागलं होतं, आणि ते त्यांना बोलून दाखवायचं होतं.

"छान सांगतेस तू. मग अशी घरी का बसलीयस? खरं सांग, सध्या काय करतेस?"

"सीए करत होते. दोनदा फायनल राहिली. सध्या थांबलेय, काका."

काका काहीतरी बोलणार होते. त्यांनी झाडाखालच्या ड्रायव्हरकडे पाहिलं, गवंड्याकडे पाहिलं, आणि डबा पुढे केला. नातीनं दोन खाकरे घेतले. पाऊण तास झाला तसा ड्रायव्हर हात पुसत उठला आणि बस निघाली. व्हेनिसमध्ये दोन दिवस पाऊस पडला, म्हातारीनं नावेत बसायला साफ नकार दिला, आणि सहल संपली.

परत आल्यावर नातीनं फॉर्म भरला का, हे तुम्ही विचाराल. ते मी सांगणार नाही, कारण भरला म्हटलं की तुम्हाला पिसा आठवेल आणि नाही भरला म्हटलं की सिएना. पण सिएनाची भिंतही उभी आहे, आणि तिच्यावरून गाव दिसतं. थांबलेल्या कामाला आपण फार लवकर बुडालेलं म्हणतो. पिसात 1178 ते 1272 या काळात जन्मून म्हातारी होऊन मेलेली कितीतरी माणसं असतील. त्यांनी आयुष्यभर दारासमोर तीन कलते मजले पाहिले, आणि हे काही पुरं होत नाही असंच म्हणत ती गेली असतील. खाली माती काय करत होती, हे त्यांना दिसणार कसं? आणि पुन्हा काम सुरू करणाऱ्यांनीही आधीचं पाडून नव्यानं सुरुवात केली नाही. जेवढं वाकलं होतं, तिथूनच त्यांनी वरचं सरळ आणायला घेतलं.

पिसाला जाल तेव्हा मनोऱ्याला हात टेकल्याचा फोटो जरूर काढा, सगळेच काढतात. मग मनोऱ्याच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला जाऊन उभे राहा. ओळंबा नसला तर किल्लीला दोरा बांधून तो डोळ्यांसमोर धरा, आणि चौथ्या मजल्यापासून वर नीट बघा. तिथून पुढचं काम शंभर वर्षांनी आलेल्या माणसांनी केलेलं आहे.